जिन्याखालचा कॅन

क्षमाबद्दल मी लिहावं, असं मंडळाच्या स्मरणिकेवाल्यांनी सुचवलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मला लिहायची सवय नाही. रेल्वेच्या ऑफिसात उभी हयात गेली, तिथे जे लिहिलं ते दुसऱ्यांच्या सहीसाठी. शिवाय बायकोबद्दल नवऱ्याने लिहिलेलं कोण खरं मानणार? पण तिच्याबद्दल आपल्या मराठी मंडळींत सध्या दोन गोष्टी फिरत आहेत. एकीत तिच्यावर नर्मदामैयाची कृपा झाली आहे, दुसरीत ती लबाड आहे. दोन्ही ऐकल्या की मला बसल्या जागी धक्का बसतो. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर जे झालं तेवढंच सांगतो. रसायनशास्त्रातलं काही चुकलं तर ती चूक माझी. क्षमाला वाचून दुरुस्त करून दे म्हटलं, तर ती म्हणाली, "तुमचं तुम्ही लिहा."

क्षमा मूळची सागरची. लग्न होऊन जबलपुरात आमच्या पोतनीसांच्या घरी आली आणि इथल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागली. पुढच्या वर्षी निवृत्त होईल. उभ्याने शिकवून शिकवून आता तिचे गुडघे दुखतात. तिचा धाकटा भाऊ अंबरीश कॉलेजात असताना आतड्याच्या व्रणांनी आजारी पडला. गोळ्या पोटात गेल्या की तिथेच विरघळायच्या, त्याला ओकाऱ्या व्हायच्या, आणि जिथे जखम होती त्या मोठ्या आतड्यापर्यंत औषध जायचंच नाही. शेवटी ऑपरेशन करून आतड्याचा तुकडा काढावा लागला. अंबरीश आज बरा आहे, पण क्षमाच्या डोक्यातून ती गोष्ट गेली नाही. "औषध वाईट नव्हतं हो," ती म्हणायची, "ते पोचतच नव्हतं." औषध पोचवण्याच्या त्या कामात तिची सगळी नोकरी गेली.

तिचं साधन होतं संत्र्याची साल. नागपूरहून कोणीही आलं की पिशवीत संत्री असायचीच. आम्ही संत्री खायचो आणि ती साली गोळा करायची. गच्चीवर जुन्या साड्या अंथरून साली वाळत घालायची आणि माकडं हाकलायला मला बसवायची. सालीतून पेक्टिन नावाचा पदार्थ निघतो. जॅम घट्ट होतो तो त्याच्यामुळे. ते पेक्टिन पाण्यात विरघळवायचं, त्यात औषध मिसळायचं आणि सुईतून थेंब थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचं. थेंब पडला की त्याचा मणी बनतो. हा मणी पोटातल्या आम्लात टिकला पाहिजे आणि मोठ्या आतड्यात गेल्यावर तिथल्या जंतूंनी तो खाल्ला पाहिजे. मग औषध तिथेच सुटेल, दुखण्याच्या जागी.

मणी व्हायचे, पण टिकायचे नाहीत. औषध पिवळ्या रंगाचं होतं. मणी आम्लात ठेवले की थोड्याच वेळात आम्ल पिवळं व्हायचं, म्हणजे औषध आधीच गळालं. संध्याकाळी ती घरी आली की मी विचारायचो, "आज?"

"पिवळं," ती म्हणायची आणि पदर खोचून स्वयंपाकाला लागायची. आमच्या संसारात हे इतकी वर्षं चाललं की मी विचारायचो आणि ती सांगायची, पण दोघांपैकी कोणी वाईट वाटून घेत नव्हतं.

तिची दुसरी ओळख म्हणजे चिठ्ठ्या. नाव नसलेली बाटली म्हणजे विष समजा, हा तिचा विद्यार्थ्यांना पहिला धडा. पोरं तिला पाठीमागे 'लेबल मॅडम' म्हणत. घरातही तेच. हळद, तिखट, खायचा सोडा, सगळ्या डब्यांवर तिच्या अक्षरात नावं. माझी बहीण बेबी एकदा म्हणाली, "वहिनी, दादाच्या पाठीवर पण एक चिटकवून द्या. बाजारात हरवले तर कोणी आणून देईल."

बेबी माझी धाकटी बहीण. तिचे यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच खालच्या खोलीत राहते. देवघर तिच्याकडे. रोज सकाळी पूजा झाली की पळीभर तीर्थ आम्हा दोघांच्या हातावर ठेवते. हे तीर्थ नर्मदेचं. वर्षातून एकदा, नर्मदा जयंतीला, ती ग्वारीघाटावर जाऊन पाच लिटरचा पांढरा कॅन भरून आणायची आणि ते पाणी पुरवून पुरवून वापरायची. कॅन क्षमाच्या प्रयोगशाळेतले. डिस्टिल्ड, म्हणजे अगदी शुद्ध केलेलं पाणी संपलं की रिकामे कॅन क्षमा घरी आणायची. एक बेबीला द्यायची, आणि एकात जिन्याखालच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी डिस्टिल्ड पाणी भरलेलं असायचं. जिन्याखाली तो एकच कॅन, म्हणून अख्ख्या घरात तेवढ्या एकाच वस्तूवर नाव नव्हतं.

आता दुर्वाबद्दल. दुर्वा उमाळे ही क्षमाची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. वडील सूर्यकांत उमाळे बरगीला धरणाच्या कालव्यांच्या ऑफिसात, मूळ अमरावतीकडचे. पोरगी बारीक अंगाची आणि बोलायला धीट. क्षमाच्या हाताखाली माणसं टिकत नाहीत, ही टिकली. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात कॉलेजातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलं. काम अडू नये म्हणून क्षमा एके दिवशी घरून पाण्याचा कॅन स्कूटीवर पायापाशी ठेवून घेऊन गेली. ते पाणी दुर्वाने वापरलं. आणि एका दुपारी मला क्षमाचा फोन आला.

"अहो, पांढरं आहे."

"काय पांढरं?"

"आम्ल. काचेसारखं आहे. सकाळपासून तसंच आहे!"

मागून दुर्वाचा आवाज येत होता, "काका, पेढे आणा, पेढे!" मी खरंच उठलो आणि चप्पल न घालता फाटकापर्यंत गेलो. इतकी वर्षं 'पिवळं' ऐकायची सवय झालेली. मला आनंदाच्या आधी भीतीच वाटली.

त्या कॅनभर पाण्यात दुर्वाने पुष्कळ मणी केले, सगळे टिकले. शोधनिबंध छापून आला, दोघींच्या नावाने. दुर्वाचा प्रबंध त्याच मण्यांवर उभा राहिला. यंत्र दुरुस्त झालं, आणि दुर्वा त्याच मण्यांच्या पुढच्या मोजण्यांना लागली.

घरात त्याच सुमाराला एक छोटी कुरकुर सुरू झाली होती. बेबी तीर्थ देताना म्हणायची, "दादा, तीर्थ अळणी लागून राहिलं."

"तीर्थात मीठ टाकतात काय?" मी म्हणायचो, आणि क्षमाही हसायची. बेबीचे गुडघे गेल्यामुळे तिचं घाटावर जाणं बंद झालं होतं, तोच शेवटचा कॅन ती पळीपळीने पुरवत होती. आम्हाला वाटायचं, घाट सुटला म्हणून तिला तसं वाटत असेल.

मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून क्षमाला विचारणा आली. त्यांनी निबंधात लिहिल्याप्रमाणे सगळं केलं, तर त्यांचं आम्ल पिवळं होत होतं. क्षमा निर्धास्त होती. दुर्वाला म्हणाली, करून दाखवू त्यांना. दुर्वाने केलं. पिवळं. पुन्हा केलं, पुन्हा पिवळं. क्षमाने स्वतः हातमोजे चढवले. पिवळं. दुसऱ्या बगीच्यातल्या संत्र्यांची साल घेतली, सुया बदलल्या, औषधाची नवी बाटली फोडली. काही केल्या ते जुने मणी परत येईनात.

एकेका आठवड्याने माझ्या बायकोचा चेहरा उतरत गेला. कॉलेजात कुजबुज सुरू झाली. कोणीतरी तिला तोंडावर म्हणालं, "मैडम, लड़की ने आँकड़े बना लिए होंगे, आजकल सब यही करते हैं।" त्या दिवशी ती घरी येऊन त्या माणसाला मनसोक्त बोलली. पण ते वाक्य तिच्या कानात राहिलं असावं.

एका रविवारी तिने दुर्वाला घरी बोलावलं. मी चहा घेऊन बैठकीत गेलो आणि दारातच थबकलो.

"दुर्वा, मला खरं सांग," क्षमा म्हणत होती, "त्या मण्यांत तू औषध घातलं होतंस ना?"

औषध घातलंच नाही तर आम्ल पांढरं राहणारच. म्हणजे सरळ सरळ लबाडी. क्षमा असं विचारेल यावर माझा विश्वास बसेना.

दुर्वाचाही बसला नसावा. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही काहून असं विचारून राहिल्या?"

"कारण दुसरं काही उरलं नाही. सगळं तपासून झालं."

"सगळं?"

"सगळं."

दुर्वाने चहाला हात लावला नाही. उठताना मला म्हणाली, "येते काका." क्षमाकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

निकाल पुन्हा मिळत नाहीत, हे क्षमाने स्वतःच कॉलेजला कळवलं. लपवणं तिच्या स्वभावात नाही. कॉलेजने चौकशी समिती नेमली. लबाडी ठरली असती तर दुर्वाची पीएच.डी. तर जाणारच होती, वर तिच्या नावाला कायमचा डाग लागणार होता. पोरीने कॉलेजात येणं सोडलं, फोन बंद केला. क्षमा रात्री कूस बदलायची आणि मी झोपेचं सोंग घ्यायचो.

समितीची बैठक ठरली. बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही पोहे खात बसलो होतो. बेबी देवघरातून रिकामा कॅन हातात घेऊन आली.

"दादा, मैयाचं पाणी संपलं बाबा. आता या खेपेला कोणीतरी मला गाडीत घालून घाटावर न्या. आणि खरं सांगू? हे पाणी मला लागलंच नाही. पहिल्या दिवसापासून बेचव. तुम्ही हसले म्हणून पुढे बोलली नाही, पण मला वाटायचं माझ्याच भक्तीत काही खोट आली. सुतकातलं पाणी, मैया रुसली असंल."

क्षमाचा चमचा बशीत थांबला. "सुतकातलं म्हणजे?"

"अहो, नागपूरचे विठोबाकाका गेले नाही का, त्याच दिवशी जयंती होती. मी कॅन भरून रिक्शातून उतरते न उतरते तर फोन आला. आता सुतकात मैयाचं पाणी देवघरात कसं नेऊ? बाहेरच ठेवलं. सुतक फिटलं तशी कॅन धुतला अन् आत नेला."

"बाहेर कुठे, बेबीताई?"

"जिन्याखाली. बॅटरीपाशी."

"तुम्ही आत नेला तेव्हा तिथे किती कॅन होते?"

"एकच. काहून?"

क्षमाच्या चेहऱ्याचा रंग गेला. तिने बेबीच्या हातून कॅन घेतला, तळाशी उरलेले थेंब स्टीलच्या ताटलीत ओतले आणि ताटली गॅसवर धरली. पाणी आटलं. ताटली स्वच्छ. मग नळाचं पाणी दुसऱ्या ताटलीत घेऊन तसंच आटवलं. त्यात पांढरं वर्तुळ उमटलं. नदीचं, नळाचं, कुठलंही पाणी आटलं की काहीतरी मागे राहतं. डिस्टिल्ड पाणी आटलं की काही राहत नाही. एवढं मलाही कळत होतं.

"बेबीताई," क्षमा म्हणाली, "तुम्ही देवाला बॅटरीचं पाणी दिलंत."

बेबीने दोन्ही हात गालावर ठेवले. "अगं बाई! इतके दिवस? अन् देव काही बोलला नाही?"

मला उलगडायला वेळ लागला. "मग मैयाचं पाणी कुठे गेलं?"

"दुर्वाच्या मण्यांत," क्षमा म्हणाली. "मी नेलं. माझ्या हातांनी. सुतक फिटायच्या आधी. जिन्याखाली दोन कॅन होते, मला दोन्ही माझेच वाटले."

ती गॅस तसाच चालू ठेवून खुर्चीवर बसली. मी तो बंद केला. दारामागे अजून तिच्या चिठ्ठ्यांचं रीळ लटकत होतं.

पण क्षमा अंदाजावर थांबणारी नाही. आम्ही लगेच ग्वारीघाटावर गेलो. कॅन पाण्यात बुडवण्याआधी तिने पिशवीतून मार्कर काढला आणि त्यावर लिहिलं: नर्मदा, ग्वारीघाट. दिवे विकणारी बाई टक लावून बघत होती.

"दीदी, मैया का भी नाम लिखना पड़ता है क्या?"

"हाँ," क्षमा म्हणाली, "मुझे पड़ता है।"

तिथून थेट प्रयोगशाळेत. तिथला जुना नोकर तुळशीराम दार उघडून उभाच होता. क्षमाने दोन तऱ्हेचे मणी केले, एक यंत्राच्या शुद्ध पाण्यात, एक घाटाच्या. दोन काचपात्रांत आम्ल घेऊन त्यात ते सोडले आणि आम्ही तिघे बाकावर बसून राहिलो. मला घड्याळाकडे बघवेना. पहिल्या पात्रात आधी धूसर पिवळी झाक आली, मग ती गडद झाली. दुसरं पात्र तसंच राहिलं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. काचेसारखं.

तुळशीरामने हात जोडले. "जय हो मैया की!"

"चुप रहो, तुळशीराम," क्षमा म्हणाली आणि तिने वहीत वेळ लिहून घेतली.

मला तिने समजावलं ते असं. नदीच्या पाण्यात थोडं कॅल्शियम असतंच. पेक्टिन त्यात विरघळलं की थेंब पडायच्या आधीच ते आतून जरासं धरून येतं. शुद्ध पाण्यातला मणी बाहेरून टणक आणि आतून कच्चा राहतो, अर्धवट भिजलेल्या साबुदाण्याच्या उलट. नदीच्या पाण्यातला आतबाहेर सारखा होतो. एवढंच. इतकी वर्षं पाणी जितकं शुद्ध तितकं चांगलं म्हणून ती जपत आली होती, आणि नेमकं तेच आडवं येत होतं. हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना.

"उद्या बैठक आहे," मी म्हणालो.

"उद्या नंतर. आधी बरगी."

तिलवाऱ्याचा पूल ओलांडून आम्ही नागपूर रस्त्याने निघालो. उमाळ्यांच्या क्वार्टरवर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. सूर्यकांत दारात आले, पण त्यांनी या म्हटलं नाही.

"आता काहून आल्या मॅडम? पोरगी काल कबूल करून आली न."

"काय कबूल करून आली?"

"प्रिन्सिपलकडे गेली, आकडे मीच बदलले म्हणून सांगून आली. मीच पाठवलं. म्हटलं, कबूल केलं तर पीएच.डी. जाईल, पण एम.एस्सी. तर राहील. नाही तर पेपरात नाव येईल. आमच्या ऑफिसात सारे हिंदी पेपर वाचतात."

क्षमाने दाराची चौकट धरली. मी तिला सावरायला पुढे झालो. जे केलं नाही ते कबूल! मी असं कधी ऐकलं नव्हतं.

दुर्वा आतून आली. किती वाळली होती पोरगी. क्षमाने विचारलं, "दुर्वा, असं का केलंस गं?"

"तुम्हीच विचारलं न मॅडम, औषध घातलं होतं का म्हणून." तिचा आवाज शांत होता, तेच जास्त भयंकर वाटलं. "मी रोज आठवायची. बाटली उघडली, वजन केलं, मिसळलं. रोज आठवून आठवून ते हललं. मग मला वाटायला लागलं, नसंल घातलं. तुम्ही थोडीच चुकाल."

"घातलं होतंस. तू काहीच चुकली नव्हतीस," क्षमा म्हणाली आणि तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. जिना, सुतक, बेबीताई, ताटल्या, दोन पात्रं. सूर्यकांतांनी मध्येच एकदा "अरे देवा" म्हटलं आणि डोक्याला हात लावून ओट्यावर बसले.

दुर्वाने सगळं ऐकलं. "म्हणजे घरून आणलेला तो कॅन?"

"हो."

"तुम्ही आणलेला."

"हो."

"मॅडम, तुम्हाला आठवते का..." असं काहीतरी दुर्वा म्हणायला लागली. तेवढ्यात तिच्या आईने पाण्याचे पेले आणले आणि ती थांबली. क्षमाने पेला घेतला, पण मान वर केली नाही. मी तेव्हा त्याचा काही अर्थ लावला नाही.

दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीबाहेर बाकावर मी बसलो होतो. उकाड्यामुळे दार उघडं होतं. क्षमाने कॅनची गोष्ट सांगितली तसा आत गोंधळ झाला. अध्यक्ष समजूतदार माणूस असावेत. ते म्हणाले, "मैडम, ये सब बताने की क्या ज़रूरत? लिख दीजिए कि थोड़ा कैल्शियम मिलाया था। बात ख़त्म।"

"मिलाया नहीं था सर। मुझे पता ही नहीं था कि पानी कौन सा है।"

दुसरा एक आवाज फार खूश झाला. "ये तो साक्षात मैया की कृपा है! अख़बार में देते हैं, कॉलेज का नाम होगा।"

"मेरी ग़लती पर मैया का नाम मत लिखिए," क्षमा म्हणाली. "लड़की का नाम साफ़ कीजिए, बस।"

दुर्वाचा कबुलीजबाब रद्द झाला, तिच्यावर काही आलं नाही. निबंध क्षमाने स्वतः पत्र पाठवून मागे घेतला आणि विभागप्रमुखाचं पद सोडलं. मैयाची कृपा तरी गावभर झालीच, आणि निबंध मागे घेतला म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच, हेही झालं. बेबीला तर मंदिरात बायका विचारायच्या, "तुमच्या घरचं पाणी औषधी आहे म्हणतात?" ती सांगायची, "बॅटरी मस्त चालते त्याच्यावर."

पुढचा धक्का दुर्वाने दिला. ती परत आली, पण क्षमाच्या टेबलापुढे उभी राहून म्हणाली, "मॅडम, मला दुसऱ्या सरांकडे काम पूर्ण करायचं आहे." क्षमाने तिथल्या तिथे सही केली. घरी आल्यावर मला म्हणाली, "बरोबर आहे तिचं." त्या दिवशी आम्ही जेवलो नाही.

दुर्वाने सगळं पहिल्यापासून केलं. नदीचं पाणी नाही, शुद्ध पाण्यात मोजून घातलेलं कॅल्शियम. मणी टिकले. पुण्याच्या लोकांकडेही टिकले. अजून ते कोणा रोग्याच्या पोटात गेलेले नाहीत, पुष्कळ वर्षं लागतात म्हणे. पण आम्ल पांढरं राहतं, आणि कोणीही करून पाहावं.

या हिवाळ्यात तिची तोंडी परीक्षा झाली. ती सगळ्यांसाठी खुली असते. क्षमा जावं की नको करत होती. शेवटी आम्ही दोघं मागच्या रांगेत जाऊन बसलो. दुर्वा छान बोलली. सूर्यकांत पुढच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते. नागपूरहून आलेल्या मराठी परीक्षकांनी मध्येच विचारलं, "पहिल्या वेळी सगळं तपासलं, मग पाणी का तपासलं नाही?"

दुर्वाने मागच्या रांगेत पाहिलं, आमच्याकडे.

"सर, आमच्या लक्षात आलं नाही. आम्हा दोघींच्याही."

परीक्षक पुढच्या कागदाकडे वळले. आणि माझ्या शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. क्षमा उभी राहिली होती.

"नाही सर," ती म्हणाली. सगळा हॉल वळला. "हिच्या लक्षात आलं होतं. पुण्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात हिने मला विचारलं होतं, मॅडम, तेव्हाचं पाणी कोणतं होतं. मी म्हटलं, ते मी घरून आणलं होतं, त्यात काय बघायचं. हे मी समितीलाही सांगितलं नाही. मिस्टरांनाही सांगितलं नाही."

एवढ्या वर्षांत तिने माझ्यापासून लपवलेली ही एकच गोष्ट, आणि ती मला भर हॉलमध्ये सगळ्यांबरोबर कळत होती. बरगीच्या घरात अर्धवट राहिलेलं दुर्वाचं वाक्य मला त्या क्षणी पूर्ण ऐकू आलं.

क्षमा अजून उभी होती, बसायचं तिला सुचत नव्हतं. दुर्वा व्यासपीठावर दोन्ही हातांनी टेबल धरून होती. मग ती माइकपासून जरा बाजूला झाली, आणि तरी आम्हाला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "मॅडम, बसा ना तुम्ही. गुडघे दुखतील."

क्षमा बसली. परीक्षकांनी दुर्वाला पुढचा प्रश्न विचारला.